बरणी सरकते

सिनेमावाले सहा दिवसांनी चिक्कडपल्लीतल्या भालकीकरांच्या घरातून एकदाचे निघाले, तेव्हा एकनाथराव भिंती तपासत होते आणि पद्मावतीबाई साखरांब्याची बरणी. भिंतींचा रंग दोन ठिकाणी उडाला होता. बरणीला कुठे टवका गेला नव्हता, म्हणून पद्मावतीबाईंनी भिंतींबद्दल फारशी तक्रार केली नाही.

घर शूटिंगला द्यायचं हे अर्थातच एकनाथरावांनी ठरवलं होतं. पाटबंधारे खात्यात तीस-बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाकडे निवृत्तीनंतर कुणी काही मागायला आलं, की त्याला नाही म्हणवत नाही. मागणारा कुलदीप तर त्यांच्या खात्यातल्याच एका मित्राचा मुलगा. चार वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काम करून तो आता स्वतःचा पहिला सिनेमा करत होता. तेलुगू, भुताचा.

"काका, तुमच्या घरात मला काही बदलायची जरूरतच नाही," तो म्हणाला होता. "भीती वाटायला एकदम परफेक्ट आहे."

त्यातला 'परफेक्ट' एवढाच शब्द एकनाथरावांच्या कानात शिरला.

पद्मावतीबाईंची हरकत भुताला नव्हती, महिन्याला होती. "मे महिन्यात? अहो, तेव्हा माझा साखरांबा उन्हात असतो!"

पद्मावतीबाई साखरांबा गॅसवर शिजवत नसत. कैरीचा कीस आणि साखर पसरट तोंडाच्या चिनी मातीच्या बरणीत भरायची, वर पांढरं पातळ फडकं दोऱ्यानं आवळून बांधायचं आणि बरणी पंधरा दिवस उन्हात ठेवायची. पाक उन्हानंच व्हायला पाहिजे. गॅसवर करतात तो जॅम, असं त्यांचं मत होतं आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्या ते मोठ्यानं सांगत. जून लागला की साखरांब्याचे बत्तीस डबे भरून चिक्कडपल्ली, सुलतान बाजार, जामबाग असे ओळखीच्या मराठी घरांत जात. मराठी मंडळाच्या वार्षिक स्नेहभोजनातही पानाच्या डाव्या बाजूला त्यांचाच साखरांबा असे.

पण शूटिंगच्या वेळी गच्चीवर मोठमोठे दिवे येऊन बसले आणि अंगणात जनरेटरची गाडी. उरलं फक्त दिवाणखान्याच्या पश्चिमेच्या खिडकीतून दुपारनंतर आत येणारं ऊन, आणि शूटिंग दिवाणखान्यातच. पद्मावतीबाईंनी मार्ग काढला. 'कट' असा आवाज आला की सगळी माणसं इकडेतिकडे धावायला लागतात, हे त्यांनी पहिल्याच दिवशी हेरलं. मग त्या पदर खोचून आत जायच्या, ऊन जिथे सरकलं असेल तिथे बरणी सरकवायच्या आणि स्वयंपाकघरात परत यायच्या. त्यांना कुणी काही बोललं नाही. प्रकरण इथेच संपलं, असं सगळ्यांना वाटलं.

सिनेमा पुढच्या मार्चमध्ये आला आणि आठवड्यात उतरला. एकनाथरावांनी तो तीनदा पाहिला, कारण आपलं घर पडद्यावर मोठं दिसतं असं त्यांचं म्हणणं होतं. पद्मावतीबाई एकदाच गेल्या. पडदे कुणी बदलले ते बघण्यात आणि भुताच्या वेळी डोळे मिटून घेण्यात त्यांचा सिनेमा संपला. पुढे तो मोबाइलवर दिसायला लागला आणि एप्रिलच्या शेवटी बँकेत नोकरी करणाऱ्या वरुण नावाच्या एका तरुणानं त्याच्यावर नऊ मिनिटांचा व्हिडिओ केला.

भालकीकरांची मुलगी योगिनी गच्चीबावलीला नोकरी करत होती. ती ऑफिसातून आली ती मोबाइल पुढे धरूनच.

"आई, तुझी बरणी व्हायरल झाली!"

"काय झालं तिला? तडा गेला?"

"अगं नाही. लोक बघतायत तिला. चार लाख लोक!"

चार लाख लोक माझी बरणी कशाला बघतील, असं म्हणत पद्मावतीबाईंनी चष्मा लावला. व्हिडिओत त्यांचाच दिवाणखाना होता. सिनेमातली नायिका, म्हणजे नायकाची दुसरी बायको, सोफ्यावर बसून नवऱ्याशी बोलत होती. चार मिनिटांचा साधा संवाद. वरुणनं तो अडवून अडवून दाखवला होता आणि मागच्या एका वस्तूभोवती लाल वर्तुळ काढलं होतं. पहिल्यांदा बरणी मागच्या खिडकीत होती. नायिकेनं पाणी प्यायलं, तेव्हा बरणी खिडकीखालच्या खुर्चीवर होती. तिनं उसासा सोडला, तेव्हा जमिनीवर. आणि ती हसली, तेव्हा बरणी सोफ्यामागे हातभर अंतरावर येऊन उभी होती. सीन दुपारभर चालला होता, ऊन खोलीत शिरत गेलं होतं आणि उन्हामागून बरणी.

वरुणला ऊन दिसलं नव्हतं. तो खालच्या आवाजात सांगत होता, "बरणीचं तोंड पहा. पांढऱ्या कापडानं बांधलेलं. असं तोंड कशाचं बांधतात? पहिल्या बायकोच्या अस्थींचं पुढे काय झालं, हे सिनेमात कुठेच सांगितलेलं नाही. सांगायची गरजच नाही. त्या अस्थी घरातच आहेत, आणि दर वाक्याला दुसरीच्या जवळ येतायत."

"शिव शिव शिव!" पद्मावतीबाईंनी मोबाइल पालथा घातला. "अस्थी काय? कैरी आहे ती! मी ऊन बघून सरकवत होते."

योगिनी हसता हसता सोफ्यावर आडवी झाली. "आई, प्लीज कुणाला सांगू नको. लोक रात्री झोपले नाहीत तुझ्या कैरीमुळे."

पद्मावतीबाई कुणाला सांगणार नव्हत्याच. पण एकनाथराव दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेले आणि बागेच्या दुसऱ्या फेरीत त्यांना राहवलं नाही. "ती बरणी आमची बरं का," ते चारचौघांत म्हणाले. "घर आमचं, बरणीही आमच्याच घरची." उन्हाचं मात्र त्यांनी सांगितलं नाही. त्यानं बरणीची शान कमी होते असं त्यांना वाटलं.

त्याचे परिणाम जूनमध्ये दिसले.

पहिला डबा शेजारच्या सुलभाताईंना गेला. सुलभाताई मंडळाच्या भोजन समितीच्या प्रमुख, आणि साखरांब्यासाठी दरवर्षी मेपासूनच घिरट्या घालणाऱ्या. डबा पाहून त्या दोन पावलं मागे सरल्या.

"वहिनी, यंदा नक्को. यांना शुगर निघाली."

"अरेरे. मग तुम्हाला घ्या थोडा."

"मला पण निघाली."

दुसऱ्या घरी सुनेला निघाली होती. तिसऱ्या घरी आजोबांना निघाली होती, आणि त्यांना सोडून बाकीचे खात नाहीत असं ठरलं होतं. आठ दिवसांत चिक्कडपल्लीतल्या अकरा मराठी घरांत शुगर निघाली. सुलतान बाजारातल्या एका बाईंनी डबा ठेवून घेतला, पण दुसऱ्या दिवशी तो जसाच्या तसा परत आला. वर हळदकुंकू वाहिलेलं होतं.

तेव्हा पद्मावतीबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी सुलभाताईंना जिन्यात गाठलं.

"खरं सांगा, काय झालंय?"

सुलभाताईंनी इकडेतिकडे पाहिलं. "वहिनी, तुमच्यावर विश्वास नाही असं नाही हो. पण बरणी तीच ना? आणि गेल्या वर्षी आम्ही सगळ्यांनी त्यातलंच खाल्लं. हे तर दोनदा मागून घेऊन…" त्यांनी पदरानं ओठ पुसले. "आणि आणखी एक. रागावू नका. या वेळी स्नेहभोजनाला साखरांबा बाजारातून आणायचं ठरलंय."

"बाजारातून?"

"हौ. समितीनं ठरवलं."

"गॅसवरचा?"

सुलभाताईंनी मान खाली घातली.

पद्मावतीबाईंनी सव्वीस वर्षं त्या भोजनाला साखरांबा दिला होता. घरी येऊन त्यांनी कुलदीपला फोन लावला. "आत्ता ये," एवढंच म्हणाल्या. तो तासाभरात उस्मानिया बिस्किटांचा पुडा घेऊन हजर झाला.

मार्चमध्ये सिनेमा पडला तेव्हा तो वाळलेला दिसायचा. आता गालांवर तेज होतं आणि हातात नवा मोबाइल.

"कुलदीप, त्या बरणीचं खरं काय ते तू लोकांना सांग," पद्मावतीबाई म्हणाल्या.

त्याचं तेज उतरलं. "काकू, खरं बोलू का? मला स्वतःला ती बरणी दिसली नव्हती. शूटिंगला नाही, एडिटिंगला नाही. वरुणचा व्हिडिओ बघून मी दिवा लावून झोपलो."

"मग हे काय?" योगिनीनं मोबाइलवरून त्याचीच मुलाखत वाचून दाखवली. "'त्या बरणीवर मी आठ महिने विचार करत होतो.'"

"त्यांनी विचारलं, तर मी काय म्हणू? दिसली नाही म्हणू? डायरेक्टर आहे मी!" तो खुर्चीच्या टोकावर आला. "काकू, सिनेमा पडला होता. फोन कोणी उचलत नव्हतं. आता दुसरा सिनेमा मिळालाय. प्रोड्युसर म्हणतो, इतका बारीक विचार करणारा पोरगा आपल्या इंडस्ट्रीत नाही. त्याला कळलं की बारीक विचार बरणीचा नाही, उन्हाचा होता, तर मी संपलो."

"आणि माझे बत्तीस डबे?"

"मी घेतो ना सगळे!"

"मला विकायचे नाहीत रे ते," पद्मावतीबाई म्हणाल्या. "लोकांनी खायला हवेत."

एकनाथराव म्हणाले, पोराचं आयुष्य आहे, जाऊ दे. योगिनी म्हणाली, आईचं पण आहे. पद्मावतीबाईंनी बिस्किटाचा पुडा फोडला, त्यातलं एक कुलदीपला दिलं आणि निकाल सांगितला. "मी खोटं बोलणार नाही. पण कुणी विचारल्याशिवाय बोलणारही नाही. तू तुझं कर. फक्त आता बरणीबद्दल आणखी काही वाढवू नकोस."

"बिलकुल नाही, काकू. कसम."

स्नेहभोजन जामबागेतल्या एका शाळेच्या सभागृहात होतं. आधी सकाळी दहाला आपल्या समाजातला दिग्दर्शक म्हणून कुलदीपचा सत्कार आणि मुलाखत, मग जेवण. मुलाखत घ्यायला कॉलेजात मराठी शिकवलेल्या चारुलता मॅडम होत्या, दुसऱ्या रांगेत वरुण होता आणि भिंतीवर सीन दाखवायला पडदा. पद्मावतीबाई नारायणपेठ नेसून चौथ्या रांगेत बसल्या. मांडीवर कापडी पिशवी होती.

"पिशवीत काय आहे?" एकनाथरावांनी विचारलं.

"असू दे," त्या म्हणाल्या.

मुलाखत छान चालली होती. चारुलता मॅडम मृत्यू आणि गृहस्थाश्रम यांवर बोलल्या. कुलदीपनं सांभाळून उत्तरं दिली. मग मागून कुणीतरी ओरडलं, "बरणीत खरंच काय होतं?"

कुलदीपनं पाणी प्यायलं. समोर दीडशे माणसं होती, सगळी त्याच्याकडे बघत होती, आणि त्याची आई पहिल्या रांगेत होती. अशा वेळी भल्याभल्यांचा तोल जातो.

"राख," तो म्हणाला. "खरी राख. ॲक्टरला फील यावं म्हणून मी स्मशानातून मागवली होती."

सभागृहात बायकांनी तोंडाला पदर लावले. सुलभाताईंनी डोळे मिटून घेतले आणि त्यांचे ओठ हलायला लागले. कुलदीपची नजर तेवढ्यात चौथ्या रांगेकडे गेली, पण उशीर झाला होता. पद्मावतीबाई उभ्या राहिल्या होत्या.

"कुलदीप," त्या म्हणाल्या, "माझ्या घरात राख?"

"काकू, मी ते…"

"काकू आता बोलणार. तू बस."

तो बसला. पद्मावतीबाई पिशवी घेऊन मंचावर गेल्या. माइक त्यांनी आयुष्यात हातात धरला नव्हता, तो चारुलता मॅडमनी धरला.

"ती बरणी माझी," पद्मावतीबाईंनी सुरुवात केली. "आत साखरांबा होता. गच्चीवर यांचे दिवे, अंगणात यांचा जनरेटर. मला ऊन कुठे? खिडकीतून यायचं तेवढंच. एक वाजता खिडकीत यायचं, दोनला खुर्चीवर, साडेतीनला जमिनीवर, पाचला सोफ्याजवळ. मी बरणी सरकवायचे. झालं. यात बायको नाही, अस्थी नाही, काही नाही. कैरी आहे."

लोक कुलदीपकडे बघायला लागले आणि तो आपल्या बुटांकडे.

"पण पद्मावतीबाई," चारुलता मॅडम म्हणाल्या, "शूटिंगला चाळीसेक माणसं तरी असतील. कॅमेरा होता. दिवसातून चार-चार वेळा तुम्ही मधून जाऊन बरणी उचलत होता. तुम्हाला कुणी अडवलं नाही?"

"अडवायला आधी दिसायला पाहिजे ना," पद्मावतीबाई सहज म्हणाल्या. "मी पदर खोचून चाललेली बाई. मला कोण बघतंय?"

पहिल्यांदा मागच्या रांगेतली एक बाई हसली. मग तिच्या शेजारची. मग बायकांची अख्खी बाजू हसायला लागली, आणि पुरुषांना नक्की कशाला हसतायत ते कळेना, म्हणून तेही हसले. चारुलता मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माइक खाली घेतला आणि पद्मावतीबाईंच्या दंडाला हात लावला.

पद्मावतीबाईंनी तोवर पिशवीतून डबा आणि चमचे काढले होते. सगळ्यांदेखत त्यांनी एक चमचा साखरांबा खाल्ला. एक चारुलता मॅडमना दिला.

"अहाहा," चारुलता मॅडम माइक विसरून म्हणाल्या, पण ते माइकमधून सगळ्यांना ऐकू गेलं.

मग काय, रांग लागली. शुगर निघालेली अकरा घरं त्यात पुढे होती. सुलभाताईंनी आधी एक थेंब जिभेला लावून पाहिला आणि मग चमचा पुढे केला. डबा अर्ध्यावर आला, तेवढ्यात वरुण उठला. त्याचा चेहरा पडला होता. चार लाख लोकांना त्यानं कैरीला भ्यायला लावलं होतं.

"काकू, तुमचं सगळं पटलं," तो म्हणाला. "पण एकच शॉट राहतो. हा मी व्हिडिओत घेतला नव्हता, कारण तेव्हा दिसला नव्हता. काल सापडला. दाखवू?"

पडद्यावर रात्रीचा सीन आला. नायिका अंधारात एकटीच जेवणाच्या टेबलाशी बसली होती. वरुणनं चित्र थांबवलं आणि उजेड वाढवला. तिच्या खुर्चीमागे, अगदी पाठीला लागून, बरणी उभी होती. फडक्याची एक बाजू सुटलेली होती.

"हीसुद्धा तुम्हीच ठेवली असेल ना?"

पद्मावतीबाई पडद्याजवळ गेल्या. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "नाही," त्या म्हणाल्या.

"नाही?"

"या दिवशी जेवणाच्या खोलीला चारी बाजूंनी काळे पडदे लावले होते, भर दुपारी रात्र दाखवायची म्हणून. तिथे ऊनच नाही. मी तिथे बरणी कशाला नेऊ? बरणी दिवाणखान्यात होती. आणि माझ्या फडक्याची गाठ अशी सुटत नाही."

ज्यांच्या तोंडात चमचे होते, त्यांनी ते तसेच धरून ठेवले. सगळ्यांच्या माना हळूहळू कुलदीपकडे वळल्या.

कुलदीप पांढराफटक पडला होता. "मी नाही," तो म्हणाला. "आईची शप्पथ, मी नाही ठेवली. ती तिथे होती हेच मला माहीत नाही."

त्यानं त्या दिवसभरात बोललेलं हे पहिलं निखळ सत्य होतं, आणि त्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. "बघा," पहिल्या रांगेतले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "खरा कलावंत कबूल करत नाही." टाळ्या सुरू झाल्या. कुलदीपची आई डोळे पुसायला लागली. टाळ्यांच्या मधोमध कुलदीप एकटाच खांद्यावरून मागे वळून बघत होता.

सुलभाताई मंचाजवळ चमचा हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि मनाशी काहीतरी ठरवलं.

"वहिनी, भूत असलं तर असू दे," त्या म्हणाल्या. "अजून एक चमचा वाढा."

बाजारचा साखरांबा त्या दिवशी पानांत पडलाच नाही. संध्याकाळपर्यंत योगिनीला स्कूटीवरून दोन फेऱ्या माराव्या लागल्या आणि घरातले सगळे डबे गेले.

मंगळवारी संध्याकाळी पद्मावतीबाई पोळ्या करत असताना योगिनीच्या मोबाइलवर फोन आला. योगिनीनं नाव ऐकलं आणि मोबाइल आईच्या कानाला लावला. "शिल्पा आहे. सिनेमातली हिरॉइन."

"आंटीगारू, एकट्या आहात ना?" शिल्पा तेलुगूत म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. पद्मावतीबाईंनी योगिनीला हातानंच बाहेर जायला सांगितलं.

"आंटीगारू, मला माफ करा. त्या काळ्या पडद्याच्या खोलीत बरणी मी नेली होती."

"तू?"

"सहा दिवस मला काकडी आणि अंड्याचा पांढरा भाग, एवढंच देत होते. तुम्ही दुपारी फडकं सोडून ढवळायचात ना, तेव्हा वास यायचा. मला डायलॉग आठवेनात. त्या खोलीत अंधार होता, कुणाला काही दिसत नव्हतं. मी बरणी खुर्चीमागे ठेवली आणि प्रत्येक टेकच्या आधी एक चमचा खाल्ला. नंतर बरणी होती तिथे नेऊन गाठ मारली, पण ती तुमच्यासारखी जमली नाही. बरंच खाल्लं आंटीगारू. चार बोटं तरी."

पद्मावतीबाईंनी तव्यावरची पोळी उलटली. गेल्या वर्षी बरणीत चार बोटं कमी भरली होती. त्याबद्दल त्या एकनाथरावांना सबंध वर्षभर बोलल्या होत्या. एकनाथरावांनी देवाची शपथ घेतली, तेव्हा देवाला मध्ये आणू नका म्हणाल्या होत्या.

"आता काय म्हणणं आहे तुझं?" त्यांनी विचारलं.

"कुणाला सांगू नका, एवढंच. मी सगळ्या मुलाखतींत सांगितलंय की तीन वर्षं साखरेला हात लावला नाही. माझ्या फोटोचे बोर्ड लागलेत त्यावर." मग आणखी बारीक आवाजात ती म्हणाली, "आणि आंटीगारू, या वर्षीचा थोडा उरलाय का?"

पद्मावतीबाई हसल्या. मंचावर चढून, माइकसमोर उभं राहून सगळं खरं सांगून आलेल्या त्या बाई क्षणभर विचारात पडल्या. बाहेर एकनाथराव पेपर वाचत होते. त्या दिवशीच्या पेपरात काळ्या पडद्याच्या शॉटचा फोटो होता आणि खाली चारुलता मॅडमचा लेख. वरुणच्या नव्या व्हिडिओनं सात लाखांचा आकडा गाठला होता. कुलदीपला प्रोड्युसरनं आणखी दोन सिनेमे दिले होते. कुलदीप स्वतः मात्र सोमवारी सकाळी येऊन "काकू, खरं सांगा, तुम्हीच ना?" असं सहा वेळा विचारून गेला होता आणि दुसऱ्या सिनेमाचं शूटिंग या घरात नक्को म्हणाला होता.

"तुझा पत्ता पाठव," पद्मावतीबाई फोनवर म्हणाल्या. "आणि चमचा कोरडा वापर."

त्यांनी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून, घरच्यासाठी ठेवलेली शेवटची बाटली काढली, झाकणाखाली कागद घातला आणि पिशवीत बांधली. पावलांचा आवाज ऐकून एकनाथरावांनी पेपर खाली केला. त्यांचा चेहरा गंभीर होता.

"पद्मा, दोन दिवस विचार करतोय," ते म्हणाले. "कुलदीपनं ठेवली नाही. तू ठेवली नाहीस. मी तर बरणीजवळ फिरकतच नाही, तू विश्वास ठेव किंवा ठेवू नको. म्हणजे मग या घरात… खरंच काही आहे का गं?"

पद्मावतीबाईंनी पिशवीची गाठ आवळली.

"असेल," त्या म्हणाल्या. "पण गोड खाणारं आहे. आपल्याला त्रास नाही द्यायचं."